विश्लेषण : काठी चालवायला जागाच उरली नाही तर? फिलिपिन्सच्या ‘दुमोग’चा धडा

अर्निसचं एखादं रील चुकून पूर्ण पाहिलं की अल्गोरिदम पाठ सोडत नाही. दोन काठ्या, भन्नाट वेग आणि शेवटी समोरच्याची काठी हातातून गायब! प्रत्यक्ष स्पारिंगमध्ये मात्र वेगळंच घडतं. दोन-तीन फटक्यांत दोघं एकमेकांना भिडतात, काठी फिरवायला जागा उरत नाही आणि सर ‘ब्रेक’ म्हणून दोघांना वेगळं करतात. मी स्वतः एका क्लासमध्ये हे कितीदा तरी अनुभवलंय. माझं म्हणणं इतकंच की, खरं शिकायचं तिथून सुरू होतं आणि नेमकं तिथेच आपण थांबतो.

दुमोग म्हणजे काय?

फिलिपिन्सची युद्धकला अर्निस, एस्क्रिमा किंवा काली या नावांनी ओळखली जाते. २००९ मध्ये कायदा करून अर्निसला तिथला राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय मार्शल आर्टचा दर्जा दिला गेला. ‘गेम ऑफ डेथ’मध्ये ब्रूस लीसमोर काठ्या घेऊन उभा राहणारा डॅन इनोसांटो आठवतो? अमेरिकेत ही कला पोहोचवणाऱ्यांत त्याचं नाव मोठं आहे.

यात अंतराचे तीन टप्पे मानतात : लार्गो (लांब), मेदियो (मध्यम) आणि कोर्तो (जवळ). शब्द स्पॅनिश आहेत, कारण तिथे तीनशेहून अधिक वर्षं स्पेनची सत्ता होती. कोर्तोच्याही आत शिरलात की कामाला येते ती दुमोग, म्हणजे उभ्या-उभ्या केलेली झटापट. विसाया बेटांवरच्या भाषांत हा कुस्तीसाठीचा शब्द आहे. उत्तरेकडच्या इफुगाव भागात कुस्तीला ‘बुल्तोंग’ म्हणतात. भातखाचरांच्या हद्दीचा वाद कुस्ती लावून मिटवायची तिथे प्रथा होती. बांधावरून होणारी भांडणं आपल्याला काही नवी नाहीत!

आपल्या कुस्तीपेक्षा वेगळं काय?

लाल मातीत सुरुवातीला जी खडाखडी चालते, मानेवर हात टाकून ओढाओढ होते, ती डोळ्यासमोर आणा. दुमोग दिसायला तशीच आहे. पण कुस्तीत शेवट चीतपटीचा असतो. दुमोगमध्ये शस्त्र असू शकतं हे गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे स्वतःचे पाय जमिनीवर ठेवायचे, त्याचा काठीचा हात अडकवायचा आणि आपला हात मोकळा राखायचा, हे आधी.

पकडी मोजक्याच : मान, कोपर, खांदा, दंड. यामागचं गणित इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं आहे. शरीराचा गुरुत्वमध्य दोन पायांमधल्या जागेच्या बाहेर गेला की माणूस पडतो किंवा त्याला पाऊल टाकावं लागतं. डोकं खाली दाबून कोपर बाजूला ओढलं तर नेमकं हेच होतं. आणि तोल सावरणाऱ्या माणसाला त्या क्षणी जोरात फटका मारता येत नाही. तेवढा एक क्षण मिळवणं म्हणजे दुमोग.

मग स्पारिंगमध्ये ती का दिसत नाही?

एक कारण नियमांचं. बॉक्सिंगमध्ये धरून ठेवणं फाउल, तायक्वांदोमध्ये पकडलं तर दंड. मुए थाईसारखे खेळ अपवाद, तिथे उभी झटापट खेळाचाच भाग आहे. दुसरं कारण मला जास्त खटकतं. ‘आमचे डाव जीवघेणे आहेत, ते स्पारिंगमध्ये करता येत नाहीत’ असं अनेक ठिकाणी ऐकवलं जातं. मान पिरगळणं किंवा डोळ्यात बोट घालणं सरावात नकोच. पण म्हणून सगळंच गुळगुळीत ड्रिलपुरतं ठेवायचं? १८८२ मध्ये कोडोकान सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनी उलटा मार्ग धरला. धोक्याचे डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि उरलेले पूर्ण ताकदीने करायला लावले. ज्युदोची ताकद तिथून आली. विरोध करणाऱ्या माणसावर जो डाव कधी करून पाहिला नाही, तो ऐन वेळी हाताशी येत नाही.

सराव कसा असावा?

सुरुवात झटापटीतूनच करा : दोघांनी एकमेकांचा काठीचा हात धरलेला, वेळ १५ सेकंद, फटके बंद. ते जमलं की मऊ काठी आणि मास्क घालून दुरून सुरुवात करा. भिडल्यावर लगेच ‘ब्रेक’ न म्हणता पाच सेकंद द्या. मानेला पीळ नाही, बोटं पिरगळणं नाही, पाडायचं असेल तर मॅटवरच आणि ‘टॅप’ केला की तत्काळ थांबायचं.

यामुळे काठीचा खेळ कुस्तीत बदलेल, ही काही प्रशिक्षकांची भीती अगदीच चुकीची नाही. म्हणूनच वेळेचं बंधन हवं. पण पाच सेकंदही न देणं म्हणजे विद्यार्थ्याला अर्धवट शिकवून घरी पाठवणं.

शेवटचा मुद्दा रील बघणाऱ्यांसाठी. रस्त्यात कोणी खरा चाकू काढला तर पळून जाणं हाच पहिला डाव. स्पारिंगचा मोठा फायदा हाच की, डाव किती वेळा फसतो हे तिथे कळतं. हे ज्याला कळलं, तो फाजील आत्मविश्वासाने चाकूसमोर उभा राहणार नाही.