तापणाऱ्या लोखंडाला कोणता रंग?



आधी माझीच चूक सांगतो. गावाकडच्या आमच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर गंजला होता. दारे रंगवून उरलेला ऑइलपेंट घरात होता, तोच मी फासला. दोन दिवस सायलेन्सर नवा दिसला. नांगरटीला ट्रॅक्टर लावताच रंगाला फोड आले, धूर निघाला. पावसाळ्यात त्या पोपड्यांखाली पाणी मुरले आणि गंज दुपटीने वाढला.

दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पंचधातूची. उघड्यावर असूनही तिला तांबडा गंज चढत नाही. आपले सायलेन्सर, धुराडी मात्र लोखंडाची. त्यांना हवा-पाण्यापासून झाकावेच लागते, आणि ते झाकण उष्णतेत टिकणारे हवे.

म्हणून रंग घेताना आधी वस्तू किती तापते ते पाहा. पत्र्याचे छप्पर, नांगर, पेरणीयंत्र यांना रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट चालतो. इंजिनाजवळचा धुराचा नळ भार पडल्यावर ३०० अंशांच्याही वर जाऊ शकतो. तिथे हे दोन्ही जळतात. जस्ताचा मुलामाही सततच्या २०० अंशांपलीकडे भरवशाचा नाही. सायलेन्सरला उष्णतारोधक सिलिकॉन-अॅल्युमिनियम रंग घ्या. तो ६०० अंशांपर्यंत टिकणारा मिळतो. नुसता चंदेरी रंग पाहून फसू नका, डब्यावरचा अंशांचा आकडा वाचा.

लावण्याची रीत अशी. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. तारेच्या ब्रशने व पॉलिशपेपरने गंज काढा, थिनरने तेलकटपणा पुसा. खाली रेड ऑक्साइड लावू नका. पातळ दोन हात द्या; जाड थर फुगतो. डब्यावर सांगितले तितके वाळू द्या. मग इंजिन थोडा वेळ रिकामे चालवून थंड करा, नंतरच भार द्या. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो. जुने इंजिन ऑइल मात्र फासू नका. ते पेटू शकते.

कन्नड-पैठणकडे ज्यांची गुऱ्हाळे आहेत, त्यांनी हंगाम संपताच धुराड्यातली राख झाडावी. राख ओल धरते. धुराड्याला बाहेरून हाच रंग चालेल. पण लोखंडी काहिलीला आतून कसलाही रंग नको. त्यातला रस आपल्या लेकराबाळांच्या पोटात जातो. ती धुऊन, कोरडी करून करडईच्या तेलाचा हात फिरवा. पुढच्या हंगामाआधी गरम पाण्याने घासून घ्या. घरच्या तव्यालाही हाच उपाय.

गंजून भोक पडलेल्या सायलेन्सरमधून ठिणगी उडू शकते. शेजारी कडब्याची गंजी असेल, तर वर्षाची वैरण जायला घटकाही लागत नाही. तेव्हा मृग लागण्याआधी एक सकाळ या कामाला द्या. आणि पावसात उभ्या ट्रॅक्टरच्या धुराड्यावर डबा पालथा घाला. इंजिन सुरू करण्याआधी तो काढायला विसरू नका!