पिल्लू आणण्याआधीचा गृहपाठ

तुमच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "बाई, आम्हाला कुत्रा पाळायचाय. सगळ्यात चांगली जात कोणती?"

हा प्रश्नच जरा चुकलाय, बरं का! कसा, ते सांगते. पण त्यासाठी आधी माझीच एक चूक सांगायला हवी. हसू नका हं, बाईंच्याही चुका होतात.

मी सोलापुरात चौथीच्या वर्गाला शिकवते. काही वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत वर्गातला एक मुलगा धावत आला. "बाई, मामा मला वाढदिवसाला हस्की देणारेय! निळ्या डोळ्यांचा, अगदी लांडग्यासारखा! घेऊ ना?" मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "घे की! प्राणी पाळणं चांगलंच." आणि पुढची वही ओढली.

जानेवारीत पिल्लू आलं. कापसाच्या गोळ्यासारखं! आख्खा वर्ग बघायला गेला, मीही गेले. सगळे खूश.

आता हा हस्की मुळातला कुठला? रशियातल्या सायबेरियाचा. तिथल्या चुक्ची लोकांनी बर्फावरून घसरगाडी ओढायला ही जात तयार केली. अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ आणि दाट, बाहेरचा लांब. दिवसभर धावलं तरी न थकणारं शरीर. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली होती. रस्ते बर्फाने बंद. तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटरवरून औषध आणलं ते कुत्र्यांच्या गाड्यांनी! २० गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे, एकाने दुसऱ्याच्या हाती औषध सोपवत साडेपाच दिवसांत पोचले. त्यातले टोगो आणि बाल्टो हे दोन हस्की तर जगभर गाजले.

असा हा पठ्ठ्या सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात, गॅलरीत बांधलेला. मग काय होणार? त्याने चपला कुरतडल्या, उशा फाडल्या. रात्री मान वर करून लांडग्यासारखा सूर लावायचा. शेजारी भांडायला आले. घरचे म्हणाले, "कुत्रा वाईट निघाला." पण खरं सांगा, वाईट तो होता का?

मग एप्रिल उजाडला. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याला घाम येतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला तशी सोय नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. म्हणून जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंगातली उष्णता घालवतो. एका दुपारी वीज गेली होती. शाळेतून आलेल्या त्या मुलाला पिल्लू मोरीत आडवं पडलेलं दिसलं. धाप थांबेना, पाय उचलेनात.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाणी शिंपडलं, पंखा लावला, सलाईन दिलं. पिल्लू वाचलं. वडील म्हणाले, "सगळे केस भादरून टाकू का?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नको! तेच केस उन्हाचा चटका अडवतात. केसांचं सोडा, मला सांगा, हा इथे राहील कसा?"

शेवटी डॉक्टरांच्याच ओळखीने पिल्लू महाबळेश्वरकडच्या एका कुटुंबात गेलं. थंड हवा, मोठं कुंपण. त्याचं भलंच झालं. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा बाकावर डोकं टेकून बसला होता. मी जवळ गेले, तर म्हणाला, "बाई, तुम्ही घे म्हणालात. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "मी बघितलंच नव्हतं. आधी बघायला हवं होतं."

दोस्तांनो, तेव्हापासून मी 'घे की' असं चटकन म्हणत नाही.

लक्षात ठेवा, कुत्र्याच्या बहुतेक जाती माणसाने कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवल्या. ते काम कळलं की त्याची गरज कळते. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांना जाळी ओढायला मदत करायचे. म्हणून त्याला पाणी प्रिय. शिवाय तो भारी खादाड! व्यायाम नसेल तर भोपळ्यासारखा फुगतो. डॅक्सहुंड जर्मनीतला, बिळात शिरून शिकार करणारा. पाय आखूड, पाठ लांब. त्याला जिन्यावरून, पलंगावरून उड्या मारू दिल्या तर पाठीचा मणका दुखावतो. पग दिसायला गोड, पण नाक चपटं. त्यामुळे श्वास घ्यायला त्रास आणि उन्हात तर फारच.

आणि आपल्याकडचा कारवानी? सोलापूर, लातूर, सांगली या भागात धनगर आणि शेतकरी तो पाळत आले. सशामागे सुसाट धावणारा, सडपातळ, उंच. आपलं ऊन त्याला सोसतं, पण पळायला माळरान हवं. त्याचाच सख्खा म्हणावा असा कर्नाटकातला मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं होतं.

म्हणजे 'चांगली जात कोणती' हा प्रश्नच नाही. 'आमच्या घरी कोण सुखात राहील?' हा खरा प्रश्न. त्यासाठी हा गृहपाठ. वही काढा आणि उत्तरं लिहा.

१. ही जात मूळची कुठली? तिथली हवा कशी? आपली कशी?
२. हिचं काम काय होतं? रोज किती फिरवावं लागेल? पावसात, परीक्षेच्या दिवसांत कोण फिरवणार?
३. मोठेपणी केवढा होईल? घरात तेवढी जागा आहे?
४. हिला कोणते आजार जास्त होतात? (पशुवैद्यांना विचारा. त्याच जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांनाही विचारा.)
५. खाणं, रेबीजसारख्या लसी, औषधं यांचा महिन्याचा खर्च किती? आईबाबांबरोबर बसून मांडा.
६. कुत्रा १०-१२ वर्षं सहज जगतो. तुम्ही कॉलेजात जाल तेव्हा त्याचं कोण करील?
७. घरातले सगळे, अगदी आजीसुद्धा, मनापासून 'हो' म्हणतात का?

एका जरी उत्तरापाशी पेन अडलं, तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

तो मुलगा पुढे सातवीत असताना मला भेटायला आला. हातात वही, सातही उत्तरं लिहिलेली. शेवटच्या पानावर आजीची सही! त्याने कुठली जात निवडली असेल? गल्लीतल्या गावठी कुत्रीचं एक पिल्लू. आखूड केसांचं, इथल्याच उन्हात वाढलेलं. "बाई, घेऊ ना?" त्याने विचारलं.

या वेळी मी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या, त्याची वही पहिल्यापासून वाचली आणि मगच म्हटलं, "घे!"

तुमच्या वहीत काय आलं, ते मला जरूर कळवा.

तुमच्या बाई