शिकवणे उत्तम आहे, हे ठरवायचे कशावरून?

दरवर्षी ५ सप्टेंबरला दिले जाणारे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून सुरू आहेत. इतकी वर्षे त्यांचा भर शाळांवर होता. २०२३ मध्ये उच्च शिक्षणातील १३ शिक्षकांचा त्यांत प्रथमच समावेश झाला आणि २०२४ मध्ये हा आकडा १६ वर गेला. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये असे पुरस्काराचे स्वरूप. रक्कम फार नाही, पण बदल महत्त्वाचा आहे. आपल्याकडे विज्ञान क्षेत्रातील मोठे मान, अगदी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारापासून, संशोधनासाठी असतात. पिढ्यानपिढ्या उत्तम शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वाट्याला निरोप समारंभातली शाल आणि श्रीफळ, एवढेच येते.

आता खरी अडचण सुरू होते. संशोधन छापून येते, इतरांना ते तपासता येते. शिकवणे मात्र बंद दाराआड चालते. शाळेत निदान तपासणीसाठी कोणीतरी मागच्या बाकावर येऊन बसण्याची परंपरा आहे. महाविद्यालयात सहकारी वर्गात येऊन बसला, तर अनेकांना तो अपमान वाटतो! मग उत्तम कोण, हे ठरवायचे कशावरून? सोपे उत्तर असे, की विद्यार्थ्यांना विचारा किंवा श्रोत्यांना विचारा.

या उत्तराची सर्वात मजेशीर परीक्षा वैद्यकीय शिक्षणातच झाली. १९७३ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ या नावाने उभे केले. विषय भारदस्त होता : डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती ‘गेम थिअरी’चा वापर. नटाला त्यातले काही कळत नव्हते. परस्परविरोधी विधाने, निरर्थक शब्द आणि मधूनमधून विनोद, असे ते भाषण मुद्दाम रचलेले होते. समोर मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बसले होते, म्हणजे शिकलेली, शिकवणारी माणसे. बहुतेकांना भाषण आवडले. एकाने तर या डॉक्टरांचे लेखन आपण वाचले असल्याचेही नोंदवले. लबाडी कोणाच्याही लक्षात आली नाही.

कोणी म्हणेल, एका तासाच्या भाषणावरून काय ठरते? तर पूर्ण सत्राचा पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्याला प्राध्यापक निवडता येत नाही, वर्ग चिठ्ठी टाकल्यासारखे नेमून दिले जातात आणि परीक्षा सर्वांना एकच असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थ्यांना त्या सत्रात चांगले गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांची पसंतीही जास्त होती. पण पुढच्या वर्षीच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयांत तेच विद्यार्थी मागे पडले. कडक, अनुभवी प्राध्यापकांचे विद्यार्थी पुढे सरस ठरले, मात्र त्या प्राध्यापकांना मूल्यांकनात कमी गुण होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यासही याला जुळतो. तिथे विद्यार्थ्यांना गटात बसवून स्वतः प्रश्न सोडवायला लावले, तेव्हा ते चाचणीत जास्त शिकलेले दिसले; पण आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. डोके चालवावे लागले, की अडखळायला होते आणि अडखळणे म्हणजे न समजणे, असा समज होतो.

म्हणून अभिप्राय टाकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. शिक्षक वेळेवर येतो का, शंका विचारली तर खेकसतो का, हे विद्यार्थ्यांइतके कोणालाच माहीत नसते. पण शिकणे झाले का, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्या यंत्रणा या प्रश्नाच्या आसपास फिरतात. ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीत अध्यापन आणि साधने यांना तीस टक्के वजन आहे. त्यात मोजले जाते ते काय? विद्यार्थीसंख्या, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, पीएचडी झालेले शिक्षक, खर्च. सगळे गरजेचे आहे, पण वर्गात कोणी डोकावलेले नाही. राष्ट्रीय पुरस्काराच्या निकषांत अध्यापनाच्या परिणामकारकतेला मोठे वजन आहे, हे स्वागतार्ह. परंतु परिणामकारकतेचा पुरावा म्हणून काय धरणार, यावरच सारे अवलंबून राहील.

वैद्यकीय शिक्षणात याची किंमत रुग्ण मोजतो. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर चूक होऊ शकते. ही सवय व्याख्यानातून लागत नाही. कोणीतरी खाटेजवळ उभे राहून, घड्याळ हातात देऊन ती लावते. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी सांभाळून हे करणाऱ्या शिक्षकाला बढती मात्र शोधनिबंधांची अट पूर्ण केल्यावर मिळते. त्याच्या कामाचे फळ पुढे एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसते आणि तिथे त्याचे नाव कोणालाच माहीत नसते.

हे फळ मोजता येईल. महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांची समान परीक्षा घेते. एकाच महाविद्यालयात वॉर्डातील गट बहुतेक ठिकाणी हजेरी क्रमांकानुसार पडतात, म्हणजे हवाई दल अकादमीशी बरेचसे जुळणारी परिस्थिती आयती उपलब्ध आहे. एका शिक्षकाच्या गटातील विद्यार्थी पुढच्या वर्षाच्या विषयांत आणि कौशल्य परीक्षेत कसे करतात, हे पाहता येईल. महाविद्यालयांची आपापसात तुलना मात्र टाळावी, कारण प्रवेशाच्या वेळीच गुणांत तफावत असते.

आणखी एक गोष्ट पुरस्कारांतून निसटते. वॉर्डात विद्यार्थी प्राध्यापकाकडून जितके शिकतो तितकेच, कदाचित जास्त, निवासी डॉक्टर आणि सिस्टरकडून शिकतो. शिकवणे सांघिक असते. कॅनडात १९८६ पासून दिली जाणारी ‘थ्री-एम’ राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप उत्तम शिकवण्याबरोबर शैक्षणिक नेतृत्वही पाहते. म्हणजे या माणसामुळे इतरांचे शिकवणे सुधारले का? ब्रिटनने व्यक्तींसाठीची योजना २००० मध्ये आणली आणि २०१६ पासून संघांनाही सन्मान देणे सुरू केले. आपल्याकडे नेतृत्व म्हणजे विभागप्रमुखपद किंवा अधिष्ठात्याची खुर्ची, असेच समजले जाते. सेवाज्येष्ठतेने मिळालेल्या खुर्चीला पुन्हा पुरस्कार कशाला?

कार्ल वाइमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी ती प्रतिष्ठा विज्ञानशिक्षण सुधारण्यासाठी वापरली आणि अमेरिका व कॅनडात विद्यापीठांचे अख्खे विभाग बदलण्याच्या मागे लागले. त्यांनी सहकाऱ्यासोबत तयार केलेली एक प्रश्नावली दहाएक मिनिटांत भरून होते. ती शिक्षकाला ‘तुम्ही चांगले आहात का’ असे विचारत नाही. तुम्ही वर्गात नेमके काय करता, विद्यार्थी चुकल्यावर त्याला ते कसे कळते, सहकाऱ्यांशी शिकवण्याबद्दल चर्चा होते का, असे साधे प्रश्न त्यात असतात. आपल्याकडच्या पुरस्कारांच्या अर्जांत शोधनिबंध आणि परिषदा यांच्यासाठी जागा असतेच. तिथे आणखी एक रकाना वाढवता येईल : गेल्या वर्षभरात तुमच्या वर्गात कोण कोण येऊन बसले आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले?