पालक, पाल्य आणि सह्याद्रि

सुटी जवळ आली कीं घरोघरीं ‘यंदा कोठें जावयाचें?’ हा प्रश्न निघतो. कोणी महाबळेश्वर सुचवितो, कोणी लोणावळें. मोटारींतून उतरावें, कठड्याशीं उभें राहून दरी पाहावी, भाजलेलें कणीस खावें, चार छायाचित्रें काढावीं आणि पुन्हां मोटारींत बसावें, असा हा प्रवास बहुधा असतो. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु डोंगर पाहणें आणि डोंगर चालणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि शाळेंत शिकणाऱ्या प्रत्येक मुलास व मुलीस या दुसऱ्या गोष्टीचा लाभ एकदां तरी घडावा असें आमचें मत आहे. तोहि शिक्षकांच्या मागें रांगेनें जाणाऱ्या सहलींत नव्हे. सहलीचें महत्त्व निराळें. आम्ही बोलत आहों तें बापाबरोबर किंवा आईबरोबर, दोघांनींच, दोन-तीन दिवस पाठीवर आपापलें सामान घेऊन चालण्याविषयीं.

घरीं पालकांची व मुलांची गांठ पडते ती बहुधा वेळापत्रकाच्या चौकटींत. गृहपाठ झाला कां, दूध प्यालास कां, गुण किती मिळाले, एवढेच प्रश्न. उत्तरेंहि तितकींच तोकडीं. डोंगराच्या वाटेवर ही चौकट आपोआप गळून पडते. तेथें बापाला दम लागतो हें मुलाला दिसतें. आईला वाट ठाऊक नाहीं, तीहि गुराख्याला विचारते, हें मुलीला दिसतें. ज्या मुलाच्या तोंडून घरीं दिवसांत दहा वाक्यें निघत नाहींत, तें तिसऱ्या तासाला आपण होऊन बोलूं लागतें. कारण समोरासमोर बसून बोलण्यापेक्षां एकामागून एक चालतांना बोलणें सोपें असतें. शरीराचा व्यायाम हा या उपक्रमांतील दुय्यम लाभ होय.

आतां जावें कोठें? हिमालयच पाहिजे असें नाहीं. आमच्या मतें अकोले तालुक्याएवढी सोय क्वचितच कोठें असेल. कळसूबाईचें शिखर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १६४६ मीटर म्हणजे सुमारें पांच हजार चारशें फूट. पलीकडे रतनगड, त्याच्या माथ्यावर वाऱ्यापावसानें आरपार कोरलेलें नेढें. पायथ्याशीं रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ. आणि दक्षिणेस हरिश्चंद्रगड. एवढ्या उंचीवर हवा विरळ होण्याचें भय नाहीं. म्हणून निरोगी मुलास उंचीची बाधा होत नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांतील ‘दख्खनचा काळा पाषाण’ हे शब्द येथें डोळ्यांस दिसतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले व थिजले. ते थर दूरच्या कड्यावर पायऱ्यांप्रमाणें मोजतां येतात. मुलांना मोजावयास सांगावें. तीं मोजतात, आणि आपली संख्या चुकली असें सांगण्यास कचरत नाहींत.

हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा तर निसर्गाचें एक प्रयोगमंदिरच आहे. कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळें सकाळीं सूर्य पाठीशीं असतो. त्या वेळीं कोंकणांतून धुकें वर येत असेल तर त्या धुक्याच्या पडद्यावर पूर्ण वर्तुळाकार रंगीत कडें व त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली दिसते. लोक त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा देखावा येथें पाहून त्याचें वर्णन केलें आहे. दोघे शेजारी उभे असले तरी ज्याला त्याला स्वतःच्याच मस्तकाभोंवतीं तें वलय दिसतें. याचें कारण विज्ञानाच्या शिक्षकांस विचारावें.

कळसूबाईची कथाहि मुलांस फार आवडते. कळसू ही कोळ्याची मुलगी. भांडीं घांसणार नाहीं व केर काढणार नाहीं, या अटीवर ती एका घरीं कामास राहिली. एके दिवशीं तिला तींच कामें सांगण्यांत आलीं. तिनें तीं केलीं, आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. जेथें तिनें भांडीं घांसलीं त्या जागेस थाळेमेळ म्हणतात. (ही कथा ऐकून परत आलेल्या कन्येस घरकाम सांगणें कांहीं दिवस कठीण जातें, असा मातांचा अनुभव आहे.)

येथवर कोणाचा मतभेद असणार नाहीं. ज्या एका गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती मात्र पुष्कळांस रुचणार नाहीं. अलीकडे मुलांस डोंगरावर नेणारे पालक वाढले आहेत, हें खरें. पण त्यांतील कांहींचा डोळा डोंगरावर नसून विक्रमावर असतो. ‘सर्वांत लहान वयाचा’, ‘एका दिवसांत इतकीं शिखरें’, अशा मथळ्यांची एक चढाओढच लागली आहे. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. त्यांपैकीं एका शिडीखालीं आम्हीं एक सात-आठ वर्षांचा मुलगा रडतांना पाहिला. मागून रांग खोळंबली होती. वडील प्रेमळ होते. त्यांनीं खाऊ देऊं केला, मग आतांपर्यंत चढलेल्या डोंगरांची आठवण दिली, मग आवाज चढविला. “इतके वर येऊन परत जायचें? लोक काय म्हणतील?” हे त्यांचे शब्द. मुलगा अखेर चढला. वर गेल्यावर त्याचें छायाचित्र निघालें, त्यांत तो हंसतहि होता. परंतु ‘मला भीति वाटते’ हें बोलणें वडिलांपाशीं चालत नाहीं, एवढा एक धडा तो त्या दिवशीं शिकून गेला असावा. पुढें कधीं घसरड्या कड्यावर किंवा पुराच्या पाण्याशीं त्याचे सोबती त्यास आग्रह करतील, तेव्हां तो ‘नको’ हा शब्द कोठून आणील?

मुलाचें शरीर हें मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रत नव्हे. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानानें अधिक असतो. म्हणून भिजल्यावर व वारा लागल्यावर मूल आपल्या आधीं गारठतें. चालतांना तें एकदम धांवतें आणि एकदम थकतें. १८९२ सालीं नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें एक ठोकताळा सांगितला, तो अद्यापि वापरांत आहे: दर तीन मैलांस एक तास, व चढ असल्यास दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट प्रौढांचा आहे. मूल बरोबर असतां येणाऱ्या उत्तराची आम्ही सरळ दुप्पट करितों, व परत फिरण्याची वेळ पायथ्याशींच ठरवून ती मुलाच्या हातच्या घड्याळाकडे सोंपवितों. त्या घटकेस शिखर शंभर पावलांवर असलें तरी फिरावयाचें. हा नियम प्रथम ऐकतांना क्रूर वाटतो खरा. पण घड्याळ मुलाच्या हातीं असल्यामुळें परत फिरविण्याचा अपवाद कोणाच्याच माथीं येत नाहीं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या बारा वर्षांच्या कन्येसह आम्ही खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाकडे निघालों. गांवांतील एक वाटाड्या बरोबर होते. ती त्यांना मामा म्हणूं लागली होती. टोलार खिंड चढून, जेथें कातळास धरावयास लोखंडी कठडे आहेत, तेथें पोहोंचतों तों धुकें असें दाटलें कीं दहा हातांवरचें दिसेना, आणि कातळावरून पाणी वाहूं लागलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. तीच थोडा वेळ पाहत उभी राहिली व म्हणाली, “बाबा, मामांना विचारूं या.” मामा म्हणाले, “गड कुठं जात नाहीं, पोरी.” आम्ही खालीं आलों. ओले कपडे बदलले, मामांच्या घरीं चुलीपुढें बसून पिठलें-भाकरी खाल्ली, आणि दुसरे दिवशीं गांवाजवळचें प्राचीन नागेश्वर मंदिर निवांतपणें पाहिलें. तारामतीचें शिखर आणि केदारेश्वराच्या गुहेंतील थंड पाण्यानें वेढलेलें शिवलिंग तिनें अजून पाहिलेलें नाहीं. शाळेंत मैत्रिणींनीं ‘मग गेलात कशाला?’ असें विचारलें; त्यास तिनें दिलेलें उत्तर आम्हांस कळलेलें नाहीं, व आम्हीं तें विचारलेंहि नाहीं.

याचा अर्थ सर्व निर्णय मुलांवर सोंपवावे असा कोणी घेऊं नये. ‘पुढें जाऊं नये’ म्हणण्याचा अधिकार मुलाला असावा. ‘पुढें जाऊं या’ हें मात्र दोघांच्या संमतीनेंच ठरावें. आणि कड्याची कड, शेवाळलेला खडक, वाहतें पाणी, या तीन ठिकाणीं वडील माणसाचा शब्द अखेरचा. २०२४ सालच्या ३० जून रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत पाण्याचा लोंढा अकस्मात् वाढून एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें कांहीं अवघड शिखर चढत नव्हतीं. खालीं ऊन असतां वर डोंगरांत पाऊस पडत असूं शकतो व तें पाणी कांहीं मिनिटांत खालीं येतें, ही एक गोष्ट प्रत्येक मुलास पाढ्यांप्रमाणें पाठ असली पाहिजे. अशा बातम्या वाचून जे पालक मुलांस डोंगर दाखवावयाचाच नाहीं असें ठरवितात, त्यांची भीति आम्हांस कळते. परंतु तींच मुलें अठराव्या वर्षीं, कोणासहि न विचारतां, सोबत्यांबरोबर तेथेंच जाणार आहेत. तेव्हां त्यांच्याजवळ मोबाइल असेल, उत्साह असेल, आणि पाण्याची ओळख मात्र नसेल.

खर्चाचें कारण फारसें टिकत नाहीं. एस. टी.चें भाडें, चांगले बूट, पावसाळी डगला, पाण्याच्या बाटल्या व गांवांतील जेवणाचा मोबदला, एवढ्यांत काम भागतें. वाटाड्यास पैसे ठरवून व आदरानें द्यावे. वेळाचें कारण मात्र खरें आहे, आणि त्याविषयीं आमच्याजवळ एक हिशेब आहे. या डोंगरउतारांवर कारवी नांवाचें झुडूप रानेंच्या रानें माजतें. तें सात-आठ वर्षांतून एकदांच फुलतें, निळ्याजांभळ्या फुलांनीं सबंध उतार भरून जातो, आणि बीं धरून तें झुडूप मरतें. सगळीकडची कारवी एकाच वर्षीं फुलते असें नाहीं. परंतु एका उतारावरची बहुतेक एकदमच. पांचव्या वर्षीं ज्या मुलानें बापाच्या खांद्यावरून हा बहर पाहिला, त्याला त्याच जागीं दुसरा बहर दिसेल तो मिसरूड फुटण्याच्या सुमारास. आणि तिसऱ्याच्या वेळीं तो बहुधा नोकरीनिमित्त परगांवीं असेल.

खिरेश्वरहून परततांना एका उतारावर आम्हांस कारवी फुललेली भेटली. मामांनीं मागच्या बहराचें साल सांगितलें, तेव्हां कन्या बालवर्गांत होती. पुढच्या बहराचें अदमासानें काढलेलें साल तिनें भूगोलाच्या वहीच्या मागील पानावर लिहून ठेविलें आहे, आणि त्यापुढें आम्हां दोघांचीं त्या सालचीं वयें मांडिलीं आहेत.