डब्यावरचा आळ

सुरतेतल्या उधन्यात गिटार वाजवणाऱ्या आम्हा मराठी पोरांत एक निकाल कधीच लागून गेलाय: मल्टी-इफेक्ट अँपला जोडला की आवाज पातळ होणारच, डबाच तसा. मग कुणी तो विकून सुटी पेडलं घ्यायला सांगतो, कुणी ट्यूब अँपसाठी भिशी लावायला. मला हा निकाल मान्य नाही.

प्रतिपक्षाचा पुरावा कच्चा नाही, हे आधी कबूल करतो. गिटार थेट अँपला लावली की आवाज भरीव. मध्ये डबा आला की पत्रा वाजवल्यासारखा. पण याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्या. त्याच डब्याला हेडफोन लावा. तीच गिटार, तोच पॅच, आणि आवाज भरलेला! डबा एकटा असताना निर्दोष, अँपही एकटा असताना निर्दोष. उरली दोघांमधली वायर, आणि ती कुठे खोचलीय हे कुणी बघत नाही.

बहुतेकांची ती अँपच्या पुढच्या, गिटारच्या जॅकमध्ये असते. तिथून आवाज अँपच्या प्रीअँपमधून जातो. पॅचमध्ये कुठल्यातरी नामांकित अँपची नक्कल आधीच भरलेली असते. म्हणजे प्रीअँप दोन झाले. फेंडर धाटणीच्या टोन-सर्किटमध्ये ४००-५०० हर्ट्झच्या आसपास मुळातच खड्डा असतो. सगळे नॉब मध्यावर ठेवले की आवाज सपाट, ही समजूत तिथे चालत नाही; सपाटीच्या जवळ जायचं तर मिड पूर्ण वर आणि बास-ट्रेबल जवळजवळ शून्यावर न्यावे लागतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, बारीक तारेचा बाविसाव्या घरातला सूर सुमारे ११७५चा. खड्डा बरोबर गिटारच्या घरात पडतो: एकदा नकलेने पाडलेला, एकदा खऱ्या अँपने. त्यात कॅबिनेटची नक्कलही चालू राहिली तर गाळलेला चहा पुन्हा गाळल्यासारखं.

यावर सर्वांत लाडका सल्ला म्हणजे ‘बास वाढव, भाऊ’. त्याने खड्डा बुजत नाही, फक्त त्याची एक कड उंच होते. बास वाढवावासा वाटतो त्याचं कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. लूमची रात्रपाळी करून आलेले शेजारी दुपारी झोपलेले असतात, म्हणून आम्ही पॅच बसवतो दबक्या आवाजात, आणि नकळत बास-ट्रेबल चढवून ठेवतो. एकट्याने ऐकताना मोठा रुबाबदार वाटतो तो. गणपतीच्या स्टेजवर ढोलक आणि कीबोर्ड त्यातला बास गिळतात, ऑक्टोपॅड ट्रेबल गिळतो, आणि मिड तर आपणच काढून टाकलेला. मीही दोन गणपती असेच वाजवले आणि दोन्ही वेळा शिव्या डब्याला घातल्या.

माझं म्हणणं साधं आहे: पुढे काय जोडलंय हे डब्याला सांगावं लागतं. अँपच्या मागे ‘रिटर्न’ असेल तर वायर तिथे लावा. प्रीअँप वाटेतून हटतो. मग पॅचमधली अँपची नक्कल ठेवा, कॅबिनेटची बंद करा, आणि डब्याचा आउटपुट वाढवा, कारण रिटर्नला बहुधा लाइनची पातळी लागते. रिटर्न नसेल तर उलट: अँपची नक्कलही बंद, फक्त इफेक्ट ठेवा. मिक्सरला जाताना दोन्ही नकला चालू. एकच वायर असेल तर ती ‘मोनो’ लिहिलेल्या डाव्या जॅकमध्येच. एका गाण्याचे तीन पॅच सेव्ह करणं कंटाळवाणं आहे खरं, पण ट्यूब अँपच्या हप्त्यांपेक्षा स्वस्त.

दोष वस्तूत नसून जोडणीत असतो, हे मिरवणुकीतल्या बँजोवाल्यांना आमच्याआधी कळायला हवं होतं. त्यांच्या बँजोला, म्हणजे बुलबुलतरंगाला, पिझोची चकती चिकटवून सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली की आवाज चिरका येतो. तिथला रोध साधारण १० किलोओहम. पिझोचे खालचे सूर तेवढ्यात टिकत नाहीत, त्याला मेगाओहमच्या घरातला रोध लागतो. गिटारसाठी बनवलेल्या डब्याच्या इनपुटला तो असतो. मध्ये हाच बदनाम डबा ठेवा, सगळे इफेक्ट बंद करून. बँजोचा हरवलेला बास परत येतो.