कोडलाही समास हवा



सांता क्लारात आपल्यापैकी पुष्कळांची चूल कोडवर पेटते. पण ते कोड आपण घाईत खरडलेल्या चिठ्ठीसारखे दुसऱ्याच्या हाती देतो. मशीनला कळले ना, मग झाले! मांडणी म्हणजे नुसती शोभा, असा आपला समज.

२०१४ साली शेजारच्या क्युपर्टिनोत काय झाले ते आठवा. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली. वरच्या ‘इफ’ला महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे ती अटीतलीच वाटे. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती आणि दर वेळी चालत होती. परिणामी सर्व्हरच्या सहीची शेवटची तपासणी टळे आणि तरीही निकाल ‘ठीक’ येई. फेब्रुवारीत आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. आपोआप मांडणी करणाऱ्या साधनाने ती ओळ डावीकडे आणली असती, आणि चूक डोळ्यांत भरली असती. २०१६ मध्ये जीसीसी ६ या कंपायलरने अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देणारी सोय आणली, ती उगाच नाही.

आपल्याला हे नवे वाटायला नको. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हेही नसत. सरावलेला कारकून झरझर वाची. बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुळवली. छापील मजकुरात शब्द सुटे झाले, वाक्याला थांबे मिळाले आणि नवशिक्यालाही वाट सापडू लागली.

कोडचेही तेच आहे. गिचमिड कोड जुन्याजाणत्याला अडवत नाही. अडते ती मुलांना झोपवून रात्री पायथन शिकणारी मैत्रीण. पायथनमध्ये तर आत सरकवलेली ओळ हाच अर्थ असतो. ती सपाट करून पाठवलीत तर तिच्या हाती फक्त चुकांचे संदेश येतात. आणि ती समजते, दोष आपल्या डोक्याचा आहे.

म्हणून एवढेच करा. टॅब आणि स्पेस यांची खिचडी करू नका. एका ओळीच्या अटीलाही कंस द्या. कोड पाठवताना मोकळ्या जागा टिकल्या आहेत ना, ते पाहा. पडद्याचा फोटो नको, मजकूर पाठवा. मांडणीचे काम साधनावर सोपवा, म्हणजे वादही मिटतील.

ज्ञान सर्वांचे, असे आपण सभांतून म्हणतो. त्याची सुरुवात चार मोकळ्या जागांपासून करायला काय हरकत आहे?