विश्लेषण : उलाढाल फुगली म्हणजे शेअर चांगला?

भाव चढतो, उलाढाल वाढते आणि छोटे गुंतवणूकदार त्या शेअरमागे धावतात. ‘सेबी’ने मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत दिलेल्या अंतरिम आदेशात हेच चित्र होते. यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती आल्या, छोट्यांनी खरेदी केली आणि चढ्या भावात काही बड्या भागधारकांनी शेअर विकले. अशा वेळी सावध करू शकणारी बरीच माहिती एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर मोफत असते. ती वाचायची कशी?

उलाढाल आणि डिलिव्हरीत फरक काय?

समजा, दिवसभरात १० लाख शेअरचे व्यवहार झाले. त्यातले ८ लाख त्याच दिवशी घेऊन विकले गेले, तर डीमॅट खात्यांत प्रत्यक्ष जाणार २ लाखच. म्हणजे डिलिव्हरी २० टक्के. उलाढाल अचानक कैक पट वाढली आणि डिलिव्हरीचे प्रमाण घसरले, तर ती गर्दी बहुधा दिवसभराच्या सट्ट्याची असते. ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात मात्र डिलिव्हरी सक्तीचीच असते. तिथला १०० टक्के आकडा काहीच सांगत नाही.

डिलिव्हरी जास्त, म्हणजे निर्धास्त?

नाही. जितके शेअर कोणी घरी नेले, तितकेच कोणीतरी विकलेही. विकणारा कोण, हा खरा प्रश्न. एखाद्याने दिवसभरात कंपनीच्या एकूण शेअरपैकी ०.५ टक्क्याहून अधिक खरेदी वा विक्री केली, तर त्याचे नाव ‘बल्क डील’च्या यादीत येते. शिवाय तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारणेचा तक्ता द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा हिस्सा घटत असेल, तारण ठेवलेले शेअर वाढत असतील आणि किरकोळ भागधारकांची संख्या फुगत असेल, तर थांबावे.

हवे तेव्हा विकता येईल?

याचे उत्तर ‘मार्केट डेप्थ’मध्ये असते. तिथे खरेदी आणि विक्रीच्या सर्वोत्तम पाच भावांवर किती मागणी व पुरवठा आहे, ते दिसते. दोन्हींतले अंतर मोठे असेल, तर विकताना फटका बसतो. शेअर खालच्या सर्किटला अडकला, की खरेदीचा रकाना रिकामा होतो. कागदावरचा नफा तिथेच अडकतो.

मग आधी काय पाहावे?

शेअर ‘एएसएम’ किंवा ‘जीएसएम’ या देखरेख याद्यांत आहे का, ते पाहावे. मग डिलिव्हरी, बल्क डील आणि भागधारणा. भाव सर्वांत शेवटी.